आधी सांग, धुतली कशी?

मंचरच्या पेठेत साडी परत करायला आलेल्या बाईची फजिती बघायची असेल, तर माझ्या शिलाई मशीनशेजारी येऊन बसावं. मी मोहिनी, कळंबची. रोज सकाळी जीपने मंचरला येते आणि सूरजभाभींच्या कापडदुकानाच्या ओट्यावर मशीन मांडून पिको-फॉल करते, ब्लाउज शिवते. बाईने आत साडी घेतली की बाहेर फॉल लावायला माझ्याकडे. भाभींची आणि माझी ही जोडी माझी पोरं शाळेत जायच्या आधीपासूनची आहे.

तर ती बाई येते. तावातावाने साडी काउंटरवर आपटते. "भाभी, दोन धुण्यांत रंग गेला! कसला माल ठेवता?" भाभींचे मालक मोहनलालशेठ स्वभावाने गरीब. ते लगेच बदलून द्यायला उठतात. भाभी त्यांना नुसत्या डोळ्यांनी खाली बसवतात. साडी उजेडात धरतात, पदर नाकाशी नेऊन वास घेतात आणि एवढंच म्हणतात, "आधी सांग, धुतली कशी?"

मग हळूहळू बाहेर पडतं. कढत पाणी, सोडा, वर ब्रश. एकीने तर रेशमी साडी गोधडीबरोबर भिजवली होती. भाभी तिला ओरडत नाहीत. चहा पाजतात, धुवायची रीत सांगतात आणि पाठवतात. मी एकदा म्हटलं, "भाभी, कशाला एवढी चौकशी? द्या बदलून, गेलं तिकडं." तर मलाच झापलं. "मोहिनी, रंग साडीने सोडला का धुणारीने घालवला, हे कळलं नाही तर मी सुरतेला काय सांगू? बिनदोषी गठ्ठा परत पाठवला तर त्या विणणाऱ्याचा माल बदनाम होतो. आणि माल खरंच खराब असला, तर पुढच्या दहा बायांच्या गळ्यात तोच जातो." भाभी म्हणजे अशी कडक बाई.

भाभींचं माहेर जुन्नरचं, सासर मंचर. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन, पण चार पिढ्या इथंच गेल्या. भांडतात मराठीत, देवाचं म्हणतात मारवाडीत. खाण्याचे नियम मात्र असे की ऐकूनच माझी भूक मरते. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा नाही. बिस्किटाचा पुडा घरात आला की त्यावरची बारीक अक्षरं कल्पेशकडून, म्हणजे मुलाकडून, वाचून घेतल्याशिवाय फोडायचा नाही. मी चिडवायची, "भाभी, तुमच्याकडे जेवायला यायचं म्हणजे सूर्याला विचारून यावं लागतं." त्या म्हणायच्या, "मग विचारून ये. तो कुणाला नाही म्हणत नाही."

अशा बाईला खोकला लागला. आम्ही म्हटलं, कापडाची धूळ. मग म्हटलं, हवा बदलली. खोकला काही हटेना. शेवटी पुण्याला मोठ्या दवाखान्यात फोटो काढले, सुई घालून छातीतला तुकडा काढला, आणि निघाला फुफ्फुसाचा कॅन्सर. जिने जन्मात सुपारी चघळली नाही, तिला! माझ्या तर तोंडचं पाणी पळालं. पेठेतली एक शहाणी मला म्हणाली, "गेल्या जन्मीचं काहीतरी असंल." डोक्यात अशी तिडीक गेली की मी तिचा ब्लाउज दिवाळी झाली तरी शिवून दिला नाही. ये म्हणावं आता, गेल्या जन्मीचा घालून फिर.

माझ्या सासूला कॅन्सर झाला होता, तेव्हाचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं. केस गेले, अन्न गेलं, बाई अंथरुणाला खिळली. मला वाटलं, भाभींचंही तसंच होणार. पण तेव्हाचं औषध आणि आताचं औषध यांत किती फरक पडलाय बघा. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी छातीतून काढलेला तुकडा तपासायला पाठवला आणि सांगितलं, "यांच्या गाठीत एक बटण चालूच राहिलंय, म्हणून ती वाढतेय. सगळ्यांच्या गाठीत हे नसतं. यांच्यात आहे, आणि ते बंद करणारी गोळी आता मिळते." मी शिवणकामाची बाई, मला पटकन कळलं. आधी एकाच मापाचा झगा सगळ्यांना चढवत होते, आता माप घेऊन शिवतात.

आणि खरंच, रोज एक गोळी घ्यायची आणि भाभी काउंटरवर उभ्या! केस जागच्या जागी. गिऱ्हाईकं तशीच बोलणी खात होती. दोन दिवाळ्या अशा सुखात गेल्या. मग एका स्कॅनमध्ये गाठीने परत डोकं वर काढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ हुशार असते. एक वाट बंद केली की दुसरी काढते. त्या दुसऱ्या वाटेवरचं एक नवीन औषध आलंय, अजून बाजारात नाही. त्याची ट्रायल आमच्याकडे चालू आहे."

ट्रायल म्हटल्यावर कल्पेश उसळला. "म्हणजे माझ्या आईवर प्रयोग करणार?"

तेव्हा डॉक्टरीणबाईंशेजारची पोरगी बोलली. श्रेया तिचं नाव, ट्रायलच्या पेशंटांचं सगळं बघणारी. आपल्या पेठ गावची, तोंड उघडल्याबरोबर मी ओळखलं. म्हणाली, "दादा, प्रयोगच आहे, मी खोटं न्हाई सांगणार. पण चोरून न्हाई. काय माहीत आहे, काय माहीत न्हाई, त्रास काय होऊ शकतो, सगळं सांगून, काकूंची मर्जी असंल तरच. आणि मनात येईल त्या दिवशी काकू बाहेर पडू शकतात. कुणी विचारणार न्हाई का म्हणून." मग समजावलं, की अर्ध्या लोकांना नवीन कॅप्सूल आणि अर्ध्यांना नेहमी देतात ती सलाईनची केमो. कुणाला काय, ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार. डॉक्टरच्या हातात नाही. नाहीतर डॉक्टर आपल्या लाडक्या पेशंटांना नवीन देतील आणि खरं-खोटं कळायचंच नाही.

भाभींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे नवीन माल चांगला का जुना, हे मापून बघायचंय."

"तसंच काकू."

"बघा मग. करा माझं नाव."

भाभींच्या वाट्याला नवीन कॅप्सूल आली. मी श्रावणात भीमाशंकरला जाऊन नारळ फोडून आले. भाभींचा तो देव नाही, पण माझा आहे ना!

श्रेयाने रीत सांगितली. सकाळच्या खाण्याबरोबर रोज एक कॅप्सूल पाण्याने गिळायची. आठवलं नाही तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. रिकामी बाटली परत आणायची. दवाखान्यात भाभींबरोबर कोणीतरी लागायचं. कल्पेश दुकानात अडकायचा, शेठना हॉस्पिटलच्या वासाने चक्कर यायची, म्हणून मी जायची. गाडी सोमाजीची. तो पठ्ठ्या परतीच्या वाटेवर घड्याळ नाही, सूर्य बघून गाडी हाणायचा. चाकणला गर्दीत अडकलो की तोच हळहळायचा, "भाभी, आज काय आपलं जमत न्हाई बगा." मग खेडच्या पुढं कुठंतरी रस्त्याच्या कडेला थांबून भाभी मावळतीच्या आत डब्यातले ठेपले खायच्या आणि आम्हाला दोघांना पण द्यायच्या.

पहिल्या स्कॅनला आम्ही मोठ्या आशेने गेलो. ट्रायलमधल्या बाकीच्यांचं बरं चाललंय, हे बाकावर बसल्या बसल्या ऐकलेलं होतं. एक गृहस्थ तर काठी टाकून चालत आलेले. आत गेलो, तर डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरलेला. गाठ कमी झालेली नाही, उलट किंचित वाढलीय. आणि रक्त तपासलं तर त्यात औषधाचा अंश जेमतेम.

"काकू, रोज घेता ना?" श्रेयाने विचारलं.

"रोज."

"खाण्याबरोबर?"

"खाण्याबरोबरच."

"उलटी वगैरे?"

"नाही बाई."

बाटली रिकामी होती. सगळं बरोबर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध यांच्या अंगी का लागत नाही, कळत नाही. पुढच्या स्कॅनलाही असंच दिसलं तर आम्हाला हे थांबवावं लागेल. मग सलाईनची केमो आहे, ती देऊ. पण यांच्या या गाठीवर ती फार दिवस पुरेल असं मी म्हणणार नाही." असं त्या तोंडावर सांगून मोकळ्या झाल्या. मला राग आला, पण आता वाटतं, बरं केलं.

परतताना भाभी ठेपला हातात धरून तशाच बसल्या. शेवटी म्हणाल्या, "मोहिनी, कल्पेशच्या पोरीला मी परकर-पोलकं शिवून घेईन म्हटलं होतं, पाचव्या वाढदिवसाला. तू शिवशील ना, मी नसले तरी?" मला रडूच फुटलं. मी त्यांच्यावर ओरडले, "गप बसा! तुमच्या समोर मापं घेणार मी तिची!" सोमाजीने आरशातून बघितलं आणि पाण्याची बाटली माझ्याकडे मागं सरकवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी सकाळी दुकानावरच्या त्यांच्या घरात गेले. भाभी वाळल्या होत्या, ब्लाउज अंगावर राहत नव्हते, माप घ्यायचं होतं. थेट स्वयंपाकघरात शिरले. तर भाभी ओट्याशी. समोर वाटीत कोमट दूध. हातात ती कॅप्सूल. दोन बोटांनी अलगद पिळून तिची दोन टोपणं सोडवली, आतली पूड दुधात झटकली, चमच्याने ढवळली आणि वाटी तोंडाला लावली. रिकामी टोपणं कागदाच्या पुडीत.

मी दारातच थिजले. मग जो आवाज काढला, तो खाली पेठेत ऐकू गेला म्हणतात. "अहो भाभी! हे काय करताय? गिळायची सांगितली होती ना त्या पोरीने!"

"गिळते की," भाभी शांतपणे म्हणाल्या. "आतलं गिळते. वरचं नाही."

"वरचं का नाही?"

भाभींनी पुडी माझ्यापुढे धरली. "हे हाडांचं असतं. जनावरांच्या. कल्पेश लहान होता तेव्हा आमच्यातल्या एका डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तेव्हापासून या घरात कॅप्सूल आली की फोडूनच. औषध तर आतलंच ना? वरचं नुसतं टरफल. शेंग टरफलासकट कोण खातं?"

"आणि दवाखान्यात नाही विचारलं?"

भाभी पुडीला घड्या घालत राहिल्या. बिस्किटाच्या पुड्याला विचारणारी बाई! मी कपाळावर हात मारून खालीच बसले.

कल्पेशला वर बोलावलं. तो आधी पांढराफटक पडला, मग धंदेवाल्यासारखा विचार करायला लागला. "मम्मी, कुणाला काही सांगायचं नाही. उद्यापासून अख्खी गिळ. औषध लागू पडेल, पुढच्या स्कॅनला आपोआप बरं दिसेल. सांगायला गेलीस तर म्हणतील, नियम मोडला, काढा हिला बाहेर. मग हे औषध कुठून आणायचं? बाजारात नाहीये ते!"

खरं सांगते, मला त्याचं पटलं. कुणाचं काय जातंय? भाभी वाचल्या म्हणजे झालं. मागोमाग वर आलेले शेठही कधी नव्हे ते बोलले, "कल्पेश बरोबर म्हणतोय. गिळ तू. पाप लागलं तर माझ्या माथी."

भाभी म्हणाल्या, "तुमच्या माथी कसं? तोंड माझं आहे."

"मम्मी, जीव वाचवायला चालतं गं! महाराजसाहेबांना विचार हवं तर!"

"ते माझं मी बघेन. पण दुसरं काय करतोयस तू, कळतंय का? त्या लोकांनी माझ्या नावापुढं लिहिलंय, औषध दिलं, लागलं नाही. औषधाने रंग सोडला म्हणून लिहिलंय, आणि धुतलंय मी चुकीचं. उद्या माझ्यासारख्या अजून दोघी-चौघी निघाल्या तर तो गठ्ठा परत जाईल. औषध चांगलं असून परत जाईल. मागून येणाऱ्या बाईला मिळणारच नाही. आणि आता गप राहून गिळायला लागले, तर म्हणतील, हे औषध चार महिने झोपतं आणि मग जागं होतं. तेही खोटंच."

"अगं पण तुला काढलं तर?" कल्पेशचा आवाज फाटला. "मला दुसऱ्या बायांचं काय सांगतेस? मला तू पाहिजेस!"

मग मात्र भाभींच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "मलाही राहायचंय रे. लई राहायचंय. पण दुकानात बसून लोकांना तोंड वर करून विचारते मी, धुतली कशी. मला कुणी विचारलं तर खोटं सांगू? मोहिनी, सोमाजीला फोन लाव."

मग काय, गेलो पुण्याला. वाटेत मी मनात भाषण तयार केलं होतं, की काढायचं म्हणालात तर याद राखा. श्रेया समोर येऊन बसल्याबरोबर भाभींनी पर्समधून ती कागदाची पुडी काढली आणि टेबलावर उलटी केली. रिकामी टोपणं घरंगळली.

"बेटा, मी हे असं घेत होते," आणि सगळं सांगितलं. दूध, वाटी, चमचा, काही म्हणजे काही लपवलं नाही.

श्रेया उठून उभीच राहिली. धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. बाईंनी डोक्याला हात लावला. "काकू, हे टरफल नाही हो! ही कॅप्सूल मुद्दाम अशी केलीय की पोटातल्या आम्लात उघडायची नाही, पुढं आतड्यात गेल्यावरच उघडायची. तुम्ही पूड दुधातून घेतली, ती पोटातच जळून गेली. रक्तात कुठून येणार? आणि हे औषध उघडं हाताळायचंसुद्धा नसतं, ती वाटी घरात कोण धुतं?"

"सूनबाई."

"अरे देवा! आजपासून बंद. एकदा विचारायचं तरी होतं मला!"

तेव्हा भाभी जे बोलल्या, ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाल्या, "विचारलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असता, हो, हाडांचंच आहे, तर? मग मला औषध सोडावं लागलं असतं. नाही विचारलं, म्हणजे दोन्ही राखता येत होतं. धर्मही, जीवही. मला जगायचं होतं डॉक्टर, म्हणून नाही विचारलं."

डॉक्टरीणबाईंचा राग उतरला. त्यांनी श्रेयाकडे बघितलं. श्रेया म्हणाली, "थांबा, मी विचारून येते," आणि औषधांच्या खोलीकडे पळाली. आम्ही बसलो. भाभी तोंडातल्या तोंडात नवकार म्हणत होत्या. मी भीमाशंकराला काय काय कबूल केलं, ते आता फेडता फेडता नाकी नऊ आलेत.

श्रेया परत आली ती हसत, आणि डोळे भरलेले. "काकू, हाडांचं न्हाई! वरचं कवच झाडापासून केलेलं आहे. अगदी झाडापासून! जनावराचं काहीच न्हाई त्यात."

भाभी तिच्याकडे बघतच राहिल्या. मग हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या, पदर तोंडाला लावला. "अगं, म्हणजे मी इतके दिवस झाडपाला फेकत होते? आणि औषध जाळत होते?" मला हसावं का त्यांना धरून हलवावं, कळेना. मी दोन्ही केलं.

पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, खरं सांगितलंत, फार मोठं काम केलंत. पण तुम्हाला पुढं ठेवायचं का, हे माझ्या एकटीच्या हातात नाही. वर कळवावं लागेल. समिती ठरवेल." तेवढ्यावर आम्ही परत फिरलो. कल्पेश त्या दिवसांत आईशी धड बोलत नव्हता, आणि तिच्यापासून हलतही नव्हता. दुकानात फोन वाजला की मशीनवरचा माझा पाय थांबायचा.

फोन आला तेव्हा भाभी एका गिऱ्हाइकाला झापत होत्या. कल्पेशने उचलला. ऐकलं, आणि काउंटरवरून उडी मारून आला. "मम्मी, ठेवलंय तुला! आधीचं वेगळं लिहिणार आहेत, चुकीच्या रीतीने घेतलं म्हणून. आता नव्याने सुरुवात!" भाभी त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "जा बाई, घेऊन जा दुसरी साडी, आज नाही विचारत." बाईला काय कळलं देव जाणे, पण ती दुसऱ्या सेकंदाला साडी घेऊन पसार झाली.

पहिली कॅप्सूल श्रेयाच्या समोर घ्यायची होती. आणि भाभींना गिळताच येईना! जन्मभर फोडून घेतलेली, सवयच नाही. मान मागे टाकायच्या आणि कॅप्सूल जिभेवरच तरंगायची. श्रेयाने शिकवलं, "काकू, मान मागं न्हाई, पुढं वाकवा. कॅप्सूल हलकी असते, पाण्यावर तरंगते. मान वाकवली की आपोआप घशाकडं जाते." भाभींनी मान वाकवली, आणि गेली! भाभींनी आमच्याकडे असं बघितलं जसं काही कुस्ती मारली.

पुढच्या स्कॅनला मी आत गेलेच नाही, धीरच झाला नाही. बाहेर बाकावर बसले. दार उघडून श्रेयाच आली आणि बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून एवढंसं दाखवलं. "निम्म्याहून कमी राहिलीय गाठ." माझा जीव भांड्यात पडला. बाकावरच्या अनोळखी माणसांना मी पेढे द्यायला निघाले, तेव्हा आठवलं की पेढे आणलेलेच नाहीत.

भाभी बाहेर आल्या. सोमाजी खालून फोनवर फोन करत होता, "निघा लवकर, हिवाळ्याचा दिस हाये, सूर्य थांबणार न्हाई." आम्ही निघालोच होतो. तेवढ्यात श्रेयाच्या टेबलापाशी एक नवीन बाई दिसली. बयाबाई, जुन्नरच्या वरच्या डोंगराकडची. आठवडाभर तीच कॅप्सूल घेत होती. बरोबरचा भाऊ बाहेर गेलेला, बाई एकटीच पदर आवळून बसलेली. श्रेयाने बाटली बघितली नाही, रोज घेता का विचारलं नाही. समोर पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाली, "मावशी, आधी मला सांगा, घेता कशी?"

बयाबाई लाजली. "चावून घेते बाय. गिळायला लई भ्या वाटतं."

श्रेयाने हळूच वर बघितलं. भाभी दारात थांबल्या होत्या.

"भाभी, सोमाजी ओरडतोय," मी म्हटलं. "सूर्य गेला तर उपाशी झोपाल."

"ओरडू दे त्याला." भाभींनी पर्स माझ्या हातात दिली, खुर्ची ओढली आणि बयाबाईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. "अगं, मी तर याहून वेडेपणा केलाय, बस सांगते. हे बघ, मान मागं टाकायची नाही. अशी पुढं वाकव."

बयाबाईला जमायला बराच वेळ लागला. आम्ही चाकणला पोचलो तेव्हा दिवे लागलेले होते. ठेपल्यांचा डबा मी आणि सोमाजीने संपवला. भाभी खिडकीशी बसल्या होत्या, पोटात काही नाही, पाणीसुद्धा नाही, आणि पेठच्या घाटात गाडी चढत होती तरी बोलायच्या थांबत नव्हत्या. नातीच्या परकराला काठ कोणता लावायचा, यावर माझ्याशी भांडत होत्या.